तक्रार कोणाची ऐकली जाते? टीव्हीवरच्या पोलिसांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या महिन्यात या पानावर मी एक वाक्य लिहिलं होतं की कोणत्याही काळातला समाज बघायचा असेल तर त्या काळातली गुन्ह्याची मालिका बघा, त्यावरून एवढे मेसेज आणि पत्रं आली की या वेळचं अख्खं पान त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून नुसता मोहल्ला देतेय, चालेल ना.

ताई, आमच्या वेळी करमचंद होता, ब्योमकेश होता, अख्खं घर मिळून पाहायचो. आता नातवासोबत बसून एकही सिरीज पाहता येत नाही, शिव्या काय, रक्त काय. समाज बिघडला म्हणून मालिका अशा झाल्या का मालिकांमुळे समाज बिघडून राहिला? (महाल)

काका, आधी शिव्यांचं सांगते कारण ते सोपं आहे. तेव्हा चॅनल एकच, तेही सरकारचं, आणि आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल. ओटीटीवर वयाची खूण दिलेली असते, ती बघून नातवाला उठवा किंवा तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा, त्यात संकोच कसला. पण प्रश्नाचा दुसरा भाग मोठा आहे आणि त्यात मला तुमच्याशी थोडं भांडायचंय.

करमचंद आला १९८५ ला. पंकज कपूर, हातात गाजर, सोबत किटी, आजही आठवलं की मजा वाटते. पण त्यात खून कुठे व्हायचा ते आठवून बघा. बहुतेक बंगल्यात, पार्टीत, पैसेवाल्या लोकांमध्ये, आणि गुन्हा शोधायला खाजगी जासूस यायचा जो पोलिसांपेक्षा हुशार असायचा. पोलिस वाईट नव्हते, नुसते मागे उभे असायचे. आता याच काळात आपल्या विदर्भात काय चाललं होतं ते बघा. देसाईगंजच्या पोलिस स्टेशनात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचं प्रकरण होतं, आरोपी पोलिसच, आपल्याच नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरलं आणि सुप्रीम कोर्टाने सोडलं, त्यावर कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ ला जाहीर पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलावा लागला. म्हणजे करमचंद पडद्यावर यायच्या दोनच वर्षं आधी सगळ्या देशाला माहीत झालं होतं की पोलिस स्टेशनात काय होऊ शकतं. दूरदर्शनवर त्यातलं काही दिसलं का? दिसणं शक्यच नव्हतं, चॅनल सरकारचं होतं.

म्हणून मी म्हणते की मालिकेत जे दिसतं तेवढाच त्या काळाचा आरसा नसतो, जे दिसू दिलं नाही तेही बघावं लागतं. आणि त्याला माझी एक साधी पद्धत आहे, खुनी कोण हे सोडा, तक्रार कोणाची ऐकली जातेय ते बघा. करमचंदमध्ये ऐकली जाते ती बंगलेवाल्याची. पुढचे सगळे प्रश्न मी याच एका पद्धतीने सोडवलेत.

ब्योमकेशचं वेगळं. ती १९९३ ची, बासू चॅटर्जींची, रजित कपूर धोतर नेसून कलकत्त्यात फिरतो आणि सगळं जुन्या काळातलं. बाहेर बाबरीनंतरच्या दंगली आणि मुंबईचे बॉम्बस्फोट ताजे, घरात नवीनच केबल आलेली, आणि अशा वेळी लोकांना आवडला कोण, तर शांतपणे विचार करणारा, स्वतःला सत्यान्वेषी म्हणवणारा माणूस. मला तरी हा योगायोग वाटत नाही. तुम्हाला जी शांतता आठवते काका ती त्या मालिकेत होती, बाहेर नव्हती.

मी लॉ करतोय, दुसरं वर्ष. आमच्या होस्टेलला सीआयडीवरून रोज वाद होतो. आरोपी शेवटी सगळं कबूल करतो, एसीपी फाशीचं सांगून मोकळा होतो, हे कायद्याने चालतं का? आणि नाही चालत तर लोकांनी वीस वर्षं कसं पाहिलं? (लॉ कॉलेज चौक)

चालत नाही हे तुला माहीतच आहे, तरी बाकीच्या वाचकांसाठी लिहिते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, जुन्या पुरावा कायद्यात कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३. इंग्रजांच्या काळापासून हे आहे कारण तेव्हाच्या सरकारलाही माहीत होतं की कोठडीत कबुली कशी काढतात. अटक केली की चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचं हे घटनेच्या कलम २२ मध्ये आहे. शिक्षा कोर्ट देतं, आणि फाशी तर १९८० च्या बच्चन सिंग निकालापासून विरळात विरळ प्रकरणातच. म्हणजे सीआयडीचा शेवटचा जो सीन आहे, थप्पड, कबुली, फाशीची धमकी, तो कोर्टात नेला तर त्यातलं काहीच टिकणार नाही. लॅबचंही तेच. डॉक्टर साळुंखेंना रिपोर्ट बसल्या बसल्या मिळतो, इथे आपल्या नागपुरातही न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे पण अशा लॅबकडून अहवाल यायला आठवडे, कधी महिने लागतात, कारण नमुने सगळ्या जिल्ह्यांतून येतात. १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसाने जागेवर जाणं बंधनकारक केलंय, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे, तर लॅबवरचा ताण अजून वाढणार.

आता लोकांनी का पाहिलं. हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि त्याला हसून सोडून देणारे लोक मला पटत नाहीत. सीआयडी सुरू झाली २१ जानेवारी १९९८ ला आणि ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली, दीड हजाराच्या वर एपिसोड, मग २०२४ च्या डिसेंबरात परत आली. त्यातले एसीपी शिवाजी साटम आणि निर्माते बी. पी. सिंग यांनी त्याआधी दूरदर्शनवर मराठीत 'एक शून्य शून्य' नावाची मालिका केली होती, आपल्यापैकी चाळिशी पार केलेल्यांना ती आठवत असेल. आता १९९८ ची मुंबई आठव. गुलशन कुमारचा खून १९९७ चा, गँगवॉर, एन्काउंटर रोजच्या पेपरात. आणि सीआयडीत काय? मुख्य करून घरातले, ऑफिसातले, इस्टेटीचे खून, आणि पोलिस कसे, तर पैसे न खाणारे, जात न विचारणारे, फोन आला की लगेच गाडी काढणारे.

हे शेवटचं वाक्य परत वाच. फोन आला की लगेच निघणारे. आपल्याकडे साधी एफआयआर लिहून घ्यावी म्हणून लोकांना सुप्रीम कोर्टात जावं लागलं, २०१३ चा ललिताकुमारी निकाल तू वाचला असशीलच, त्यात कोर्टाला स्पष्ट सांगावं लागलं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली तर एफआयआर नोंदवलीच पाहिजे. ज्या देशात हे २०१३ मध्ये सांगावं लागतं तिथे शुक्रवारी रात्री टीव्हीवर एक पोलिस खातं दिसतं जिथे कोणीही जा, तुमचं ऐकलं जातं आणि तासाभरात निकाल लागतो. लोक सीआयडीत पोलिस बघत नव्हते, पोलिस कसे असावेत ते बघत होते. माझ्या मते समाजाबद्दल या मालिकेने सांगितलेली सगळ्यात खरी गोष्ट हीच, बाकी तपास कच्चा असला तरी.

पण एक गोष्ट मला टोचते आणि तू वकील होणार म्हणून तुला सांगते. वीस वर्षं प्रत्येक एपिसोडला थप्पड बघितल्यावर लोकांना ती तपासाचाच भाग वाटायला लागली. उद्या कोठडीत कोणाला मारलं म्हणून तू कोर्टात उभा राहशील तेव्हा तुला हे समोर दिसेल.

आई क्राइम पेट्रोल पाहून पाहून इतकी घाबरलीय की सिलेंडरवाल्यालाही दार उघडत नाही. काय सांगू तिला? (मनीषनगर)

काकूंना घाबरू नका असं म्हणून काही होणार नाही, त्यांना आकडे दाखव. एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याच्या अहवालात २०२२ साली देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले, त्यात सगळ्यात मोठं कारण आपसातले वाद, ९,९६२, त्याखाली वैयक्तिक वैर, आणि लुटीसाठी वगैरे म्हणजे फायद्यासाठी झालेले १,८८४. दारावर येणारा अनोळखी माणूस मालिकेत जितका दिसतो तितका खऱ्यात नाही. मालिकेला दर आठवड्याला नवीन केस लागते आणि ती अंगावर काटा आणणारीच निवडावी लागते. दाराला साखळी लावून घ्या, ती बरी असते, पण सिलेंडर घेऊ द्या.

पोलिस बाईचं काम टीव्हीवर खरंच बदललं का नुसती वर्दी चढवली? आमच्या महिला मंडळात उडानपासून दहाडपर्यंत चर्चा झाली, एकमत काही झालं नाही. (नंदनवन)

तुमच्या मंडळाची चर्चा ऐकायला मला आवडलं असतं. उडान १९८९ ची, कविता चौधरींनी लिहिली, केली, दिग्दर्शितही केली आणि ती त्यांच्या बहिणीवरून होती, कांचन चौधरी भट्टाचार्य, ज्या पुढे उत्तराखंडच्या पोलिस महासंचालक झाल्या. ती गुन्ह्याची मालिका नव्हती पण त्यात एक गोष्ट फार नीट दाखवली होती, की घरावर अन्याय झाल्यावर ज्या कुटुंबाचं कोणी ऐकत नाही त्याच घरातली मुलगी वर्दी घालते. म्हणजे तक्रार ऐकली जात नाही तर ऐकणाराच बदलू, हा त्या काळाचा भाबडा वाटेल असा पण खरा विश्वास होता. आपल्या आजूबाजूच्या कितीतरी मुली तेव्हा त्या मालिकेमुळे स्पर्धा परीक्षांकडे वळल्या.

याच सुमारास, १९९१ ला, इंग्लंडमध्ये हेलन मिरेनची प्राइम सस्पेक्ट आली. तिथे बाई वरच्या पदावर पोचलेली आहे पण हाताखालचे पुरुषच तिचं ऐकत नाहीत. दोन मालिकांमध्ये दोन वर्षांचा फरक आणि दोन समाज किती वेगळ्या पायरीवर उभे आहेत बघा.

मग २०१९ ची दिल्ली क्राइम. डिसेंबर २०१२ चं दिल्लीतलं निर्भया प्रकरण, शेफाली शाह, पुढच्या वर्षी इंटरनॅशनल एमी मिळाला. काम फार मोठं आहे, मी दोनदा थांबून थांबून पाहिली कारण सलग बघवेना. पण ती सगळी पोलिसांच्या डोळ्यांनी आहे, इंडिया गेटवर जमलेली पोरं त्यात लांबूनच दिसतात, कधी कधी कामात अडथळा आणल्यासारखी, आणि मला ते बरोबर वाटलं नाही. त्या पोरांमुळे कायद्यात बदल सुचवणारी वर्मा समिती बसली, त्या पोरांमुळे २०१३ ला कायदा बदलला आणि अशा गुन्ह्याची तक्रार नोंदवून न घेणाऱ्या पोलिसावरच गुन्हा होईल असं कलम आलं. देशात २०१२ मध्ये बलात्काराचे २४,९२३ गुन्हे नोंदले गेले आणि २०१३ मध्ये ३३,७०७. एका वर्षात माणसं इतकी वाईट झाली असं मी मानत नाही, यातला मोठा भाग म्हणजे पोलिस स्टेशनची पायरी चढण्याची हिंमत वाढली आणि आत गेल्यावर लिहून घ्यायची सक्ती झाली.

दहाडबद्दल मात्र मी तुमच्यातल्या जिला आवडली तिच्या बाजूने आहे. सोनाक्षी सिन्हाची भूमिका दलित समाजातून आलेल्या सब-इन्स्पेक्टरची, राजस्थानातलं छोटं गाव, ती जवळून गेली की स्टेशनातला एक जण अगरबत्ती लावतो. एवढा एक सीन. भाषण नाही, रडणं नाही. आणि तपास कशाचा, तर एकामागून एक गायब झालेल्या मुलींचा, ज्यांच्या घरच्यांनी हुंडा द्यायला पैसे नाहीत, पोरगी स्वतःहून पळाली तर पळाली म्हणून विषय सोडून दिलेला. पहिल्यांदा तक्रार घेऊन आलेल्या भावाला कोणी उभं करत नाही. वर्दीतली बाई बदलली का विचाराल तर हो, बदलली, आता तिला माहीत आहे की वर्दी चढवूनही तिची जात लोक विसरत नाहीत, आणि म्हणूनच ज्या तक्रारी बाकीचे फेकून देतात त्या ती वाचते.

मी जरीपटक्याचा. बाहेरगावी नोकरीला गेलो आणि नागपूरचा म्हटलं की लोक म्हणतात, अरे तिकडचीच ना ती कोर्टातली सिरीज. आमच्या भागाची एवढीच ओळख राहणार का? आणि ती गोष्ट टीव्हीवर दाखवायला पाहिजे होती का? (जरीपटका)

भाऊ, तुमचा प्रश्न मी सगळ्यात जास्त वेळ घेऊन बसले. तरुण वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. कस्तुरबानगरच्या बस्तीत अक्कू यादव नावाच्या गुंडाने दहा वर्षांहून जास्त काळ दहशत माजवली होती, खंडणी, मारहाण, बायकांवर अत्याचार. बस्ती बहुतेक दलितांची, हातावर पोट असलेल्यांची. १३ ऑगस्ट २००४ ला त्याला जिल्हा न्यायालयात आणलं होतं तेव्हा बायकांच्या जमावाने तिखट आणि चाकू घेऊन त्याला कोर्टातच मारलं. खटला चालला, २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपी सुटले. यावर उमेश कुलकर्णींनी दिग्दर्शित केलेली इंडियन प्रिडेटर मालिकेतली मर्डर इन अ कोर्टरूम ऑक्टोबर २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. ती डॉक्युमेंटरी आहे, नाट्य नाही, आणि तिच्यात बस्तीतल्या बायका स्वतः बोलतात.

दाखवायला पाहिजे होती का? मी म्हणते हो, आणि त्याचं कारण हेच की त्या बायका बोलतात. वर्तमानपत्रांनी तेव्हा कोर्टातली पाच-दहा मिनिटं लिहिली, चाकू किती, वार किती. पण बायकांचं म्हणणं काय होतं, की आम्ही तक्रारी द्यायला गेलो, आमचं लिहून घेतलं नाही, उलट कोण आलं होतं ते त्यालाच कळवलं जायचं. म्हणजे पोलिस स्टेशनात जाणं हेच जास्त धोक्याचं. आता एकीकडे हे ठेवा आणि दुसरीकडे २००४ साली टीव्हीवर काय चालू होतं ते ठेवा. सीआयडी जोरात होती, क्राइम पेट्रोल नुकतं सुरू झालं होतं, आणि त्या सगळ्यात बस्ती कुठे असायची? लपलेला आरोपी पकडायला पोलिस जिथे घुसतात ती जागा म्हणून. बस्तीतली बाई फिर्यादी म्हणून समोर बसलीय आणि इन्स्पेक्टर तिचं म्हणणं शांतपणे ऐकतोय असा सीन त्या काळातल्या मालिकेतून मला एकही आठवत नाही. जे टीव्हीवर नव्हतं तेच जरीपटक्यात नव्हतं.

खून हा न्याय आहे असं मी म्हणत नाहीये, तुम्हीही म्हणत नसाल. पण ज्या मालिका आणि सिनेमे ती गोष्ट कोर्टाच्या दिवसापासून सुरू करतात ते मला अर्धवट वाटतात, कारण त्यात बायकांचा राग दिसतो आणि रागाचं कारण दोन-तीन मिनिटांच्या फ्लॅशबॅकमध्ये उरकतं. माझी मनापासून इच्छा आहे की आपल्याकडच्या कोणीतरी लेखकाने यावर पूर्ण मालिका लिहावी आणि ती कोर्टात नाही तर पोलिस स्टेशनच्या बाकड्यावर घडावी. कोण बाई आली, काय सांगितलं, डायरीत काय लिहिलं, काय लिहिलं नाही, दुसऱ्या दिवशी तिच्या घरापुढे कोण उभं होतं. दहा वर्षांचं असं रजिस्टर. कोर्ट शेवटच्या एपिसोडला आलं तरी पुष्कळ.

आणि ओळखीचं म्हणाल तर बाहेरच्याला हेच सांगा जे तुम्ही मला पत्राच्या पुढच्या पानावर लिहिलंय, की तुमच्या आईने त्या काळात रात्रपाळी करून तुम्हाला शिकवलं. ते पत्र फार सुंदर होतं, तुमची परवानगी असेल तर पुढच्या अंकात छापते.

मानवत मर्डर्स पाहिली. १९७२ ची केस आता पन्नास वर्षांनी का काढली असेल? (काँग्रेसनगर)

जुन्या काळाची मालिका ही ज्या वर्षी बनते त्या वर्षाचीही असते. परभणी जिल्ह्यातले ते खून १९७२ ते १९७४ मधले, दुष्काळाची वर्षं, मारल्या गेल्या त्या बहुतेक बायका आणि लहान मुली, आणि तपास मुंबई क्राइम ब्रँचचे रमाकांत कुलकर्णी यांनी केला, आशुतोष गोवारीकरांनी ती भूमिका केलीय. मालिका २०२४ ची. मधल्या काळात २०१३ मध्ये दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने नरबळी आणि जादूटोण्याविरुद्ध कायदा केला, त्यामुळे आजचा प्रेक्षक ही केस मांत्रिकाची भीतीदायक गोष्ट म्हणून बघत नाही, गावातल्या बड्या माणसाला कोणी हात का लावला नाही हे विचारत बघतो. मालिकाही तेच विचारते, म्हणून मला आवडली.

देवमाणूसबद्दलही एकीने विचारलं होतं, तेही इथेच घेते. ती २०२० च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली, साताऱ्याकडच्या खऱ्या प्रकरणावर बेतलेली, बोगस डॉक्टर आणि त्याला देव मानणारं गाव. कोरोनाच्या वर्षात सगळं राज्य डॉक्टरच्या तोंडाकडे बघत होतं तेव्हा ही मालिका घराघरांत चालली, तिचं यश त्यातही आहे असं मला वाटतं. गावात खरा डॉक्टर असता तर त्या माणसाचं दुकान चाललंच नसतं.

अमेरिकन सिरीजमध्ये सगळे द वायर द वायर करतात. मिहानमध्ये आमच्या टीममध्ये पण. तुमच्या पद्धतीने बघितलं तर त्यात काय दिसतं? (खापरी)

आधी तिच्या पन्नास वर्षं मागे जा. ड्रॅगनेट, टीव्हीवर १९५१ पासून, लॉस एंजेलिसच्या पोलिसांवरची, आणि जॅक वेबने ती त्याच पोलिस खात्याच्या मदतीने केली, स्क्रिप्ट खात्याकडून तपासून जायची. साहजिकच पोलिस म्हणजे सभ्य, मोजकं बोलणारे, कधी न चुकणारे. त्याच शहरात काळ्या लोकांच्या वस्त्यांमध्ये पोलिसांबद्दल किती राग साचलाय हे मालिकेत कधी आलं नाही, आणि १९६५ च्या ऑगस्टमध्ये वॉट्समध्ये दंगल पेटली तेव्हा टीव्ही बघणाऱ्या गोऱ्या घरांना धक्काच बसला.

द वायर २००२ ते २००८, शहर बाल्टिमोर. बनवणारा डेव्हिड सायमन आधी तिथल्याच पेपरात क्राइम रिपोर्टर होता आणि जोडीदार एड बर्न्स हा आधी पोलिस आणि मग शाळेत मास्तर. म्हणून तिच्यात पहिल्या सीझनला ड्रग्जवाले, मग बंदर, मग महापालिका, मग शाळा, मग वर्तमानपत्र असं एकेक करून अख्खं शहर येतं. वरच्या साहेबांना आकडे कमी दाखवायचेत म्हणून गुन्ह्याची नोंदच सौम्य कलमात करायची हा प्रकार तिच्यात इतका बारकाईने आहे की आपल्याकडच्या कोणत्याही रिटायर्ड हवालदाराला दाखवा, तो मान हलवेल. टीमला सांग चौथा सीझन सोडू नका, शाळेचा, तो सगळ्यात चांगला. घाईत बघायची मालिका नाही ती.

मी निवृत्त आहे. जामताडा सिरीज मुलासोबत पाहिली, तरीपण मागच्या महिन्यात मला पोलिसाच्या वर्दीतला व्हिडिओ कॉल आला, डिजिटल अरेस्ट म्हणून घाबरवलं आणि मी पैसे भरले. घरी अजून सांगितलं नाही. मालिका पाहूनही कसं फसलो कळत नाही. (प्रतापनगर)

काका, तुम्ही लिहिलंत हेच फार मोठं काम केलंत, आणि यात तुमची लाज वाटण्यासारखं काहीही नाही. मालिका बघून माणूस का वाचत नाही ते सांगते. जामताडा २०२० च्या जानेवारीत आली, झारखंडमधल्या पोरांवर, आणि तेव्हाचा फसवणारा बँकेतून बोलतोय म्हणायचा, कार्ड बंद होईल म्हणायचा. म्हणजे तो लोभ आणि गडबड यावर खेळायचा. आताचा फसवणारा वर्दी घालून येतो आणि भीतीवर खेळतो, कारण त्याला माहीत आहे की साध्या सज्जन माणसाला पोलिसांचं नाव ऐकलं की पहिली भावना सुरक्षित वाटण्याची नसते, धडकी भरण्याची असते. टीव्हीवर आपण चाळीस वर्षं पोलिस चौकशी म्हणजे ओरडणं, धमकावणं, थप्पड असंच बघितलंय, त्यामुळे व्हिडिओवरचा माणूस ओरडला तेव्हा तो तुम्हाला खराच वाटला. खऱ्या पोलिसाने कसं वागायला पाहिजे हे आपल्याला कोणी दाखवलंच नाही तर खोटा ओळखणार कसा?

डिजिटल अरेस्ट असं कायद्यात काहीच नाही. कोणताही पोलिस, सीबीआय, ईडी व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि चौकशीसाठी पैसे भरायला लावत नाही. आता काय करायचं ते नीट वाचा. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर आहे, आजच लावा. पैसे गेल्या गेल्या पहिल्या काही तासांत फोन केला तर समोरच्या खात्यात रक्कम गोठवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते, तुमचा महिना होऊन गेलाय तरी तक्रार द्याच, कारण त्याच खात्यांवर दुसऱ्या कोणाचीही तक्रार असू शकते आणि सगळ्या जोडल्या जातात. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर ऑनलाइनही देता येते. जवळ ठेवायचं ते असं, बँकेचं स्टेटमेंट, व्यवहाराचे नंबर, कॉल आला ती तारीख आणि वेळ, ज्या नंबरवरून आला तो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं सगळं चॅट, काहीही डिलीट करू नका. नंतर सायबर पोलिस स्टेशनला जाताना मुलाला सोबत घेऊन जा. त्याला सांगायला जड जात असेल तर हे पान त्याच्या हातात द्या, मला वाटतं तो वाचेल. आणि तिथे कोणी लिहून घ्यायला टाळाटाळ केली तर वर ललिताकुमारी निकालाचं नाव दिलंय, ते सांगा, पोच घेतल्याशिवाय उठू नका, आणि काय झालं ते मला कळवा.